मानसोपचाराच्या गोळ्या चालू असताना आयुर्वेद, योग, होमिओपॅथी, देवस्थान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शुभंकर गटाकडे, म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांच्या गटाकडे, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. ज्याला आजार आहे त्याला आम्ही शुभार्थी म्हणतो. पुढे तोच शब्द येईल. गोळीचा डोस ठरवणं हे काम तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांचं आहे, ते या उत्तरांवरून कुणी करू नये. पण काय विचारायचं हे आधी ठाऊक असलं, की दवाखान्यातल्या छोट्याशा भेटीतही बरंच काही साधता येतं.

१. गोळ्या चालू आहेत. सोबत आयुर्वेद, योग वगैरे काही केलं तर चालतं का?

बरंच काही चालतं. जोडीला म्हणून केलं आणि डॉक्टरांना सांगून केलं, तर आडकाठी येण्यासारखं त्यात थोडंच असतं. नुकसान होतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: नवं सुरू करताना जुनं परस्पर बंद केलं जातं (प्रश्न ४), किंवा दोन्ही चालू ठेवून डॉक्टर आणि वैद्य या दोघांपासून लपवलं जातं (प्रश्न ३). पोटात घ्यायचं औषध आणि शरीराने करायची गोष्ट यांतही फरक आहे. चालणं, आसनं, भजन, बागकाम यांचा गोळ्यांशी सहसा संघर्ष होत नाही. चूर्ण, काढा, भस्म, कॅप्सूल यांचा होऊ शकतो.

२. समुपदेशन हाही पर्यायी उपचारच ना?

नाही. समुपदेशन आणि मानसोपचाराच्या बोलण्यावर आधारलेल्या पद्धती हा मुख्य उपचाराचाच भाग आहे. सौम्य नैराश्यात आणि चिंतेच्या आजारात कित्येकदा सुरुवातच त्याने होते. चरकसंहितेतही दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातलं सत्त्वावजय म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरणं. तेव्हा आयुर्वेदावर श्रद्धा असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना समुपदेशनाचं महत्त्व पटवायचं असेल, तर त्यांच्याच परंपरेतला हा आधार त्यांना दाखवता येईल.

३. डॉक्टरांना सांगितलं तर ते रागावतात. सांगायलाच हवं का?

हवंच. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल, तर हे वाचा.

समजा आईला नैराश्याची गोळी चालू आहे आणि घरच्यांनी झोपेसाठी एक काढाही सुरू केलाय. आई दिवसभर पेंगते. डॉक्टरांना काढा माहीत नाही, म्हणून त्यांना वाटतं गोळी जड जातेय आणि ते चांगली लागू पडलेली गोळी बदलतात. किंवा उलट घडतं: काढ्याने गोळीचा परिणाम कमी झालाय, पण डॉक्टरांना वाटतं डोस पुरत नाही, म्हणून ते वाढवतात. पुढे कंटाळून काढा बंद केला, की तोच वाढवलेला डोस अंगावर येतो. चूक कुणाची, हे मग कुणालाच कळत नाही.

सांगायचं कसं, तर पिशवी घेऊन जा. बाटल्या, पुड्या, डब्या, सगळं टेबलावर ठेवा. वैद्यांची चिठ्ठी असेल तर तीही. 'आम्ही देशी औषध घेतो' असं मोघम सांगून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही, लेबल वाचून लागतं. बोलायला संकोच वाटत असेल तर कागदावर लिहून द्या: काय घेतो, किती, केव्हापासून. 'हे घेऊ का' असं विचारलं की 'नको' असं उत्तर येण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी विचारा, 'डॉक्टर, यातलं काही या गोळ्यांशी जुळत नाही का?' वैद्यांकडे जातानाही गोळ्यांची चिठ्ठी अशीच दाखवा. इतकं करूनही डॉक्टर दर वेळी झिडकारत असतील, तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे.

४. वैद्य म्हणतात, आधी ॲलोपॅथी बंद करा, मगच आमच्या औषधाचा गुण येईल. काय करावं?

बंद करू नका. नैराश्याच्या गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होणं असा त्रास होतो. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या बरेच महिने घेतल्या असतील आणि अचानक थांबवल्या, तर फिटही येऊ शकते. लिथियम (मूड स्थिर ठेवणारी गोळी) एकदम थांबवल्यास उन्मादाचा, म्हणजे अनावर उत्साह-बडबडीचा, झटका परतण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो.

या प्रश्नात फसगत मात्र वेगळ्याच ठिकाणी होते. गोळ्या थांबवल्यावर पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, माणूस खुलतो. सुस्ती जाते, तोंडाची कोरड जाते, चेहऱ्यावर तरतरी येते. घरच्यांना वाटतं नव्या औषधाने जादू केली. खरं म्हणजे दुष्परिणाम गेलेले असतात आणि आजार अजून उसळलेला नसतो. स्किझोफ्रेनियात तो कधी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी परततो, आणि तोवर गोळ्या सोडल्याचं कुणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून 'सोडल्यापासून किती छान आहे' हे पहिल्या महिन्यातलं वाक्य पुरावा म्हणून धरू नका.

जाणकार वैद्य अशी अट सहसा घालत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये आयुर्वेदातल्या मनोविज्ञान व मानसरोग या विषयात पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांनाही मानसिक आरोग्य व्यावसायिक मानलं आहे. जायचंच असेल तर अशी पदवी असलेल्यांकडे जा आणि त्यांची तुमच्या डॉक्टरांशी फोनवर गाठ घालून द्या.

५. झाडपाल्याच्या औषधाने अपाय कसा होईल?

सर्पगंधेचं उदाहरण पुरेसं आहे. ही मुळी आपल्याकडे वेड आणि निद्रानाशावर पूर्वापार दिली जायची. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर निबंध लिहिला. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर तिचा उपयोग होतो, हे ब्रिटिश नियतकालिकात मांडलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे वळलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि काही काळ मनोविकारांवर जगभर वापरलं गेलं. मग काही रुग्णांना ते घेताना खोल नैराश्य आल्याचं दिसू लागलं, रक्तदाब फार खाली जाऊ लागला, आणि सुरक्षित औषधं मिळताच ते मागे पडलं. मुळीत खरोखर ताकद होती, म्हणूनच अपायही खरा होता. नैराश्य असलेल्या माणसाने सर्पगंधा असलेलं काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. 'रक्तदाब आणि झोप' अशा नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत ती असते, तेव्हा घटक वाचा.

रसौषधींचा, म्हणजे धातू-खनिजांपासून केलेल्या औषधांचा, विचार वेगळा करायला हवा. स्मृतिसागर रसासारख्या कल्पात पारा, गंधक, हरताळ, मनःशिळ असतात. हरताळ आणि मनःशिळ ही आर्सेनिकची खनिजं. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, नुसतं 'सकाळ-संध्याकाळ मधातून' असं सांगितलेलं, तर ती पुडी घेऊ नका.

६. अश्वगंधा आणि ब्राह्मी तरी चालेल ना?

अश्वगंधेने ताण आणि झोप यांत थोडा फरक पडतो, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. तिने गुंगीही येते, म्हणून झोपेच्या गोळीसोबत ती दुप्पट जाणवू शकते. तिचा परिणाम थायरॉइडवर होतो. लिथियम घेणाऱ्यांचं थायरॉइड आधीच तपासत राहावं लागतं, तिथे हिची भर नको. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गर्भारपणी टाळा.

ब्राह्मीच्या नावाने बाजारात दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यामुळे बाटलीवरचं शास्त्रीय नाव पाहावं लागतं. जेवणात चटणी म्हणून खायला किंवा तेल म्हणून डोक्याला लावायला हरकत नाही. रोजच्या कॅप्सूलबद्दल मात्र विचारूनच ठरवा. जटामांसीनेही गुंगी येते.

७. ऑनलाइन मिळणारं सेंट जॉन्स वर्ट नैराश्यावर चांगलं असतं म्हणे?

सौम्य नैराश्यात या परदेशी वनस्पतीच्या औषधाचा उपयोग होतो असं अभ्यास सांगतात, आणि तरीही नैराश्याच्या गोळीसोबत ते घेऊ नये. दोन्ही मिळून शरीरात सेरोटोनिन हे रसायन घातक पातळीला जाऊ शकतं: थरथर, घाम, ताप, जुलाब, गोंधळलेपण. अशी लक्षणं दिसली तर थेट दवाखाना गाठा. गर्भनिरोधक गोळ्यांसह इतर अनेक औषधांचा परिणामही ते कमी करतं.

८. होमिओपॅथी?

साबुदाण्यासारख्या गोड गोळ्यांतलं औषध इतकं विरळ केलेलं असतं, की ते मानसोपचाराच्या गोळ्यांशी भांडत नाही. पण त्याने आजार आटोक्यात येतो असा विश्वासार्ह पुरावाही नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून हाच निष्कर्ष काढला होता. घेतल्याने मनाला उभारी वाटत असेल तर घ्या. भिस्त त्यावर ठेवू नका.

९. योगासनं, प्राणायाम, ध्यान सुरू करावं का? कुठून सुरुवात करावी?

जोडीच्या उपायांत आम्ही सर्वांत मोकळेपणाने सुचवतो ते हेच. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत नैराश्य आणि स्किझोफ्रेनिया या दोन्हींत गोळ्यांच्या जोडीला योग देऊन अभ्यास झाले आहेत आणि तिथे रुग्णांना तो शिकवलाही जातो. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाचं वैज्ञानिक मोजमाप सुरू केलं. आपल्याकडची ही परंपरा मोठी आहे.

सुरुवात साध्या आसनांनी आणि संथ श्वासाने करा. दोन गोष्टी सांभाळा. द्विध्रुवीय आजार (कधी उन्माद, कधी नैराश्य) असेल तर कपालभाती, भस्त्रिका असे जोरकस प्रकार आणि पहाटे लवकर उठून झोप मोडणं टाळा. अशा तीव्र श्वसनक्रियांनंतर उन्मादाचा झटका आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि झोप तुटणं हे तर उन्मादाला आमंत्रणच. दुसरं, काही गोळ्यांनी उभं राहताना रक्तदाब उतरतो. शवासनातून ताडकन उठू नका. आधी कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन बसा, चार श्वास घ्या, मग उभे राहा. शिक्षकांना आजाराचं नाव सांगायचं नसेल तर 'मला चक्कर येते' एवढं तरी सांगा.

१०. भावाला विपश्यनेला पाठवू का? दहा दिवस शांत राहील.

आजाराचं निदान झालेलं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. गंभीर मानसिक आजारात बहुधा ते नकोच म्हणतील. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रांतल्या दहा दिवसांच्या शिबिरात मौन असतं, दिवसाला दहा-एक तास ध्यान असतं, घरी फोन नसतो. भास होणाऱ्या किंवा नुकत्याच झटक्यातून सावरलेल्या माणसाला इतका एकांत झेपत नाही. प्रवेशअर्जात मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं. 'नाव कटेल' म्हणून ती माहिती लपवू नका, तो प्रश्न त्याच्याच सुरक्षेसाठी आहे. शांतता हवी असेल तर रोज सकाळी त्याच्यासोबत चालायला जा.

११. सासूबाईंना लिथियम चालू आहे. निर्जळी एकादशी, वारी, पंचकर्म यातलं काय चालेल?

निर्जळी नको. लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० एवढ्या अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते, आणि ती दीडच्या वर गेली की विषबाधा सुरू होते. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतात. गोळी तेवढीच, पातळी मात्र वाढते. उपवास करायचाच तर पाणी भरपूर प्या आणि मिठाचं रोजचं प्रमाण एकदम बदलू नका.

वारीचंही असंच. ऊन, घाम, कमी पाणी, आणि संध्याकाळी पाय दुखले म्हणून कुणीतरी दिलेली ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक. या वेदनाशामकांनीही लिथियम चढतं. पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित. जाण्याआधी रक्त तपासा, पाण्याची बाटली हातात ठेवा, गोळ्या सोबतच्या माणसाकडे द्या. हात जास्त कापणं, जुलाब, उलटी, तोल जाणं, जीभ जड होणं यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पंचकर्मात वमन (उलटी करवणं) आणि विरेचन (जुलाब देणं) यांनी भरपूर पाणी जातं, शिवाय उलटीत गोळीही पडते. लिथियमवर असताना ती टाळावीत. अभ्यंग, शिरोधारा यांना अशी अडचण नाही.

१२. लिथियम नाही, पण उपवास आहे. गोळी उपाशीपोटी घेऊ का?

गोळीवर अवलंबून. लुरासिडोन ही स्किझोफ्रेनियावरची गोळी अन्नासोबत, किमान ३५० कॅलरींच्या खाण्यासोबत घ्यावी लागते, नाहीतर ती अंगात शिरतच नाही म्हणा ना. तेव्हा उपवासाच्या दिवशी पोटभर फराळ करूनच घ्या. रमजानच्या महिन्यात रोजे असताना वेळा कशा बसवायच्या, हे महिना सुरू होण्याआधी विचारून घ्या.

१३. बाहेरचं काहीतरी आहे म्हणून वहिनीला देवस्थानी नेलं, तिथे तिला खरंच बरं वाटलं. मग गोळ्या कशाला?

बरं वाटलं यावर आमचा विश्वास आहे. दक्षिण भारतातल्या एका मंदिरात राहिलेल्या ३१ जणांचा अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तिथे कुठलाही खास विधी नव्हता. माणसं आठवडे-आठवडे राहत, झाडलोट, बागेला पाणी अशी कामं करत, घरचं कुणीतरी सोबत असे. त्यांच्या लक्षणांत जवळपास २० टक्के घट झाली. हिणवलं न जाता राहणं, हाताला काम असणं, सोबत माणूस असणं यांची ही ताकद आहे, आणि ती घरीही देता येते.

गोळ्या त्यामुळे अनावश्यक ठरत नाहीत. गुजरातमधल्या उनावा गावच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' उपक्रमात दर्ग्याच्या आवारातच मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले आणि मुजावरच (दर्ग्याचे सेवेकरी) लोकांना त्यांच्याकडे पाठवू लागले. वहिनींना अंगारा लावायचा असेल तर लावू द्या. अंगाऱ्यासोबत गोळीही द्या. 'हे सगळं थोतांड' म्हणून घरात भांडण काढलंत, तर गोळ्याही जातील आणि तुमच्यावरचा विश्वासही.

१४. अंगात येणं हा आजार आहे का?

ठरावीक सणाला, आरतीच्या वेळी येतं, नंतर माणूस आपल्या कामाला लागतो, कुणाला इजा नाही, तर त्याला आजार म्हणायचं कारण नाही. कधीही येत असेल, त्याने झोप-जेवण-काम बिघडत असेल किंवा त्या व्यक्तीलाच त्याची भीती वाटत असेल, तर दाखवून घ्या.

१५. मांत्रिक मारतो, मिरचीची धुरी देतो. एका ठिकाणी बांधूनही ठेवतात. हे चालवून घ्यायचं का?

अजिबात नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने-साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं, चटके देणं हे सगळं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला आणि त्यांच्या खुनानंतर तो आला. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास बंदी आहे, आणि रुग्ण ठेवून घेणाऱ्या आयुर्वेदिक, निसर्गोपचार वा योग केंद्रांनाही नोंदणी बंधनकारक आहे.

तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी जखडलेले होते, पळता आलं नाही. त्या आगीने २८ जणांचा जीव घेतला. कुठेही ठेवण्याआधी आत जाऊन झोपायच्या जागा बघा, रात्री दार कोण उघडतं ते विचारा. बघू देत नसतील तर तिथे ठेवू नका.

१६. कोणत्या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जायचं?

मरणाची भाषा, खाणं-पिणं पूर्ण थांबणं, रात्र-रात्र जागरण आणि अफाट बडबड, कुणीतरी मारायला येतंय अशी पक्की खात्री, बाळंतिणीचं अचानक बदललेलं वागणं. यात काढा, उतारा, शिबिर कशालाच वेळ देऊ नका. जवळचं जिल्हा रुग्णालय गाठा. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. शुभंकरानेही लावावा, आपल्यासाठीसुद्धा.

१७. दारू सोडायची गोळी चालू आहे. वैद्यांनी सारस्वतारिष्ट दिलंय, घेऊ का?

दारू सोडवायला दिली जाणारी डायसल्फिराम ही गोळी चालू असेल तर कोणतंही आसव किंवा अरिष्ट नको. आंबवण्याच्या क्रियेतून त्यात मद्यार्क तयार होतो आणि चार चमच्यांनीही चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं होऊ शकतं. गोळी थांबवल्यावरही साधारण दोन आठवडे हा धोका राहतो. होमिओपॅथीचे थेंब बहुधा अल्कोहोलमध्येच असतात. खोकल्याची काही सिरप आणि माउथवॉशही तपासा. वैद्यांना कारण सांगितलं तर ते चूर्ण किंवा घृत असा पर्याय देऊ शकतात.

१८. आश्रमात राहून मुलाची सिगारेट सुटली, पण क्लोझापिनने (स्किझोफ्रेनियावरच्या गोळीने) तो आता फारच सुस्त आहे. आश्रमातल्या औषधाचा परिणाम?

आधी सिगारेटच धरा. तंबाखूच्या धुराने यकृत क्लोझापिन वेगाने संपवतं. धूर थांबला की तोच डोस रक्तात जास्त साचतो. आनंदाच्या बातमीआडचा हा धोका आहे. डॉक्टरांना लगेच कळवा, डोस कमी करावा लागू शकतो. याच गोळीचा आणखी एक नियम: प्रवासात किंवा शिबिरात सलग दोन दिवस चुकली, तर जुना डोस एकदम सुरू करू नका. ती पुन्हा लहान मात्रेपासून चढवावी लागते.

१९. मुलगी अमेरिकेत आहे, तिथे नैराश्याच्या गोळ्या घेते. इथून वैद्यांची औषधं पाठवू का?

तिच्या तिथल्या डॉक्टरांना प्रत्येक औषधाची माहिती आधी कळवता येत असेल, तरच. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. पुडीतलं, बिनलेबलचं काही पाठवू नका. परवानाधारक कंपनीचं, उत्पादन परवाना क्रमांक आणि घटकांची यादी असलेलं सीलबंद औषधच पाठवा. लेबलचा स्पष्ट फोटो तिला आधी पाठवा, म्हणजे तो ती डॉक्टरांना पुढे पाठवू शकेल. तिने अशी औषधं आधीच काही महिने घेतली असतील आणि पोटदुखी, थकवा, हातापायांना मुंग्या असं काही असेल, तर तिला रक्तातलं शिसं तपासून घ्यायला सांगा. आणि तिथली गोळी तुमच्या पार्सलसाठी तिने थांबवली नाही ना, हे फोनवर स्पष्ट विचारा.